दुसऱ्या पाहणीचा रकाना

ही गोष्ट मी इतकी वर्षं कोणालाच सांगितली नव्हती. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवासमोर हात जोडून उभी राहिले तेव्हाही, खरं सांगते, एवढी एक बाजूला ठेवूनच बाकीचं बोलले. आज तुम्हाला सांगते आहे, कारण येत्या रविवारी ती मला काही बायकांसमोर उभं राहून सांगायची आहे. तेव्हा जीभ अडखळू नये, म्हणून आधी कागदावर उतरवते आहे. तुम्ही फक्त ऐका. मध्येच ‘जाऊ द्या हो’ म्हणू नका.

मी शहर नियोजनाच्या खात्यात आरेखक होते—म्हणजे नकाशे काढणारी. तीस वर्षं. शहराचा नवा विकास आराखडा करायचा ठरलं की पहिलं काम आमचं. वस्तीवस्तीत फिरायचं, कोणती जागा आज कशासाठी वापरात आहे ते डोळ्यांनी पाहायचं आणि नकाशावर रंगवायचं. घरं पिवळी, दुकानं निळी, बागा आणि खेळाची मैदानं हिरवी. जिथे काहीच नाही ती जागा कोरी सोडायची. त्या कोऱ्या जागांवर पुढे काय आणायचं ते साहेब लोक बसून ठरवत. हिरव्या जागेला हात लावायचा तर मात्र त्यांनाही दहादा विचार करावा लागे. म्हणजे एखाद्या मैदानाचं पुढल्या वीसेक वर्षांचं नशीब माझ्या पेन्सिलीच्या टोकावर होतं. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं समजू नका. चांगलं कळत होतं.

माझ्या नकाशांचं खात्यात नाव होतं. रंग कधी रेषेबाहेर गेला नाही, अक्षर मोत्यासारखं. नव्या लोकांना माझ्या वह्या दाखवत—पाहणीची वही कशी असावी, तर मॅडमसारखी. मलाही त्याचा तोरा होता. तो तोरा अजून थोडा शिल्लक आहे, हे लिहितानाही अक्षर नीट काढते आहे ना ते बघतेच आहे.

आता उन्हाबद्दल सांगावं लागेल. सबब म्हणून नाही. पाहणीचा हुकूम निघाला तो मे महिन्यात, आणि माझ्या वाट्याला लकडगंजच्या पलीकडच्या वस्त्या आल्या. त्यात नवतपा लागलेला. ज्यांनी नागपुरातले ते नऊ दिवस काढले नाहीत त्यांना काय सांगणार? डोक्याला-तोंडाला ओढणी गुंडाळून, पर्समध्ये कांदा टाकून मी स्कुटीवर फिरायची. कचेरीची वेळ अकरा ते पाच, त्यामुळे पाहणीही त्याच वेळात. आणि नवतपात दुपारी या शहरात कोणती जागा वापरात दिसेल हो? कुत्रंसुद्धा नालीत जाऊन बसतं. त्या वेळी पाहायला गेलं तर अख्खं नागपूर कोरंच.

पण ज्यानं कोणी पाहणीचा फॉर्म केला होता त्याला नागपूर ठाऊक असावं. फॉर्ममध्ये मोकळ्या जागांसाठी दोन रकाने होते. पहिली पाहणी कामाच्या वेळेत, दुसरी पहाटे किंवा संध्याकाळी. दोन्हींची तारीख, वेळ, आणि काय दिसलं ते लिहायचं.

हा दुसरा रकाना आम्ही कसा भरायचो ते सांगते. परत आल्यावर, टेबलावर, कूलरसमोर. तारीख दुसऱ्या दिवसाची, वेळ सकाळची सहा किंवा संध्याकाळची साडेसहा, आणि पुढे ‘वरीलप्रमाणे’. आम्ही त्याला कूलरची पाहणी म्हणायचो आणि हसायचो. उकिरडा, गाजरगवत, पाण्यानं भरलेला खड्डा—अशा जागी पहाटे जाऊन वेगळं काय दिसणार होतं? सगळेच करायचे. मीही करायची. पण मला जे सांगायचं आहे ते हे नाही. ‘सगळेच करायचे’ म्हटलं की माणूस गर्दीत लपतो, आणि ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काही अर्थ नाही.

ती जागा उकिरडा नव्हती.

शाळेसाठी कधीकाळी सोडलेली आणि शाळा कधीच न आलेली सरकारी जागा होती ती. दोन्हीकडे घरं, मध्ये सपाट, झाडून घेतल्यासारखी जमीन. दुपारचा एक वाजला असेल. माणूस नाही, पाखरू नाही. आणि मधोमध, अंतर राखून पुरलेले दोन लाकडी खांब. गुळगुळीत रंधलेले, माझ्या खांद्याएवढ्या उंचीचे. खालच्या मातीत फक्कीच्या पांढऱ्या रेषा, अर्ध्या पुसलेल्या. मी शाळेत असताना खो-खो खेळले आहे. ते खांब कशाचे आहेत हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

त्याच कडेच्या एका घरातून बाईनं हाक मारली. "या नं मॅडम, सावलीत बसा. ऊन पाहा कसं तापून राहिलं." ह्या चंद्रकलाबाई. चाळिशीच्या, अंगानं काटक. नवरा लाकडाच्या आरा मशीनवर कामाला होता, खांब त्यानंच आणून रंधले होते. मी त्यांच्या ओट्यावर बसले. त्यांनी माठातलं पाणी दिलं, मग गूळ घातलेलं पन्हं दिलं, आणि मी काय लिहिते आहे ते विचारलं. मी सांगितलं. त्या लगेच सावरून बसल्या.

"आता कोण दिसन जी तुमाले? सकाळी साडेपाचले या. वीस-बावीस पोरी राहतात. मी शिकवतो त्यायले."

आमच्याकडच्या पुष्कळ बाया स्वतःबद्दल असंच बोलतात, ‘मी शिकवतो’. मग त्यांनी आतून ढाल आणून दाखवली. पोरी जिल्ह्यापर्यंत खेळून आल्या होत्या. घरकाम करणाऱ्यांच्या, हमालांच्या पोरी. ह्या बाई रोज पहाटे उठून, पाणी मारून ते मैदान झाडायच्या, रेषा आखायच्या, आणि मग आठ वाजता धंतोलीतल्या एका दवाखान्यात आयाच्या कामावर जायच्या. त्या दिवशी त्यांची सुट्टी होती म्हणून घरी होत्या.

मी म्हटलं, "येते ना. उद्या सकाळी येते."

त्यांनी पुन्हा विचारलं, "नक्की याल नं? मंग मी पोरीयले सांगून ठेवतो." मी म्हटलं, नक्की.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली होती. हे मुद्दाम सांगते आहे. गजर लावला होता, तो वाजला, मी तो बंद केला, आणि पावणेपाचला अंथरुणात पूर्ण जागी होते. अंग दुखत नव्हतं, ताप नव्हता, घरात अडचण नव्हती. स्कुटीवर वीस मिनिटांचा रस्ता. मी उठले, कूलरचं तोंड माझ्याकडे वळवलं, आणि परत आडवी झाले. का? अनेक वर्षं मी या ‘का’चं उत्तर शोधलं आणि त्यात काहीच सापडलं नाही. कंटाळा आला होता. बस्स, एवढंच.

कचेरीत जाऊन मी दुसरा रकाना भरला. ‘सकाळी सहा वाजता समक्ष पाहणी केली. जागा मोकळी. कोणताही वापर आढळला नाही.’ नेहमीसारखं ‘वरीलप्रमाणे’ नाही लिहिलं. पूर्ण वाक्य लिहिलं, वळणदार अक्षरात. खांबांबद्दल एक शब्द नाही.

तुम्ही म्हणाल, न जाताच हिरवा रंग का नाही दिला? मीही स्वतःला विचारलं आहे. हिरवा रंग द्यायचा तर वेगळा कागद जोडावा लागे—मैदानाचं माप, किती जण खेळतात, वस्तीतल्या दोघांच्या सह्या. त्यासाठी तिथे जावंच लागलं असतं. कोऱ्या जागेला काहीच जोडावं लागत नसे. शुक्रवारी तक्ता द्यायचा होता. तो मी वेळेत दिला, आणि वेळेत दिला म्हणून साहेबांनी चार लोकांत माझं कौतुक केलं.

काही महिन्यांनी प्रारूप आराखडा तयार झाला. मी कोऱ्या ठेवलेल्या त्या चौकोनावर वाहनतळ आणि व्यापारी संकुल असं आरक्षण पडलं. त्याचा तक्ता रंगवायला माझ्याच टेबलावर आला. तेव्हा तोंड उघडता आलं असतं. वही मागवून ‘माझी चूक झाली’ एवढं लिहिलं असतं तर फार फार तर एक मेमो मिळाला असता. नाही लिहिलं. स्वतःला समजावलं की लोकांच्या हरकती येतील, वस्तीवाले सह्या करून देतील, आपोआप दुरुस्त होईल.

त्या जागेबद्दल हरकत आली. एकच. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, एका बाईच्या सहीनं. मला तेव्हा नवल वाटलं, एवढी वस्ती आणि एकच अर्ज? त्याचं कारण मला फार उशिरा कळलं, तेही सांगणार आहे.

सुनावणीला चंद्रकलाबाई एकट्या आल्या. इस्त्रीची साडी, हातात पिशवी, पिशवीत ढाल आणि फोटो. समिती टेबलापलीकडे, मी बाजूला वह्या घेऊन उभी. त्यांनी आत येताच मला पाहिलं आणि त्या हसल्या. किती हायसं वाटलं त्यांना मला बघून! तो चेहरा मला आजही स्पष्ट दिसतो आणि मला स्वतःची शिसारी येते.

साहेबांनी वही वाचून दाखवली. दोन वेळा पाहणी झाली आहे, वापर आढळला नाही. चंद्रकलाबाई म्हणाल्या, "ह्या मॅडम त माह्या घरी येऊन बसल्या होत्या जी साहेब. मी सारं सांगतलं त्यायले. इचारा नं."

साहेब माझ्याकडे वळले. गेला होतात का या बाईंकडे?

आता बघा, दोन घोट पाणी प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ माझ्याकडे होता, आणि तेवढा वेळ पुष्कळ असतो. मला सगळं सुचलं. खरं बोलायचं हेही सुचलं, हे लक्षात घ्या. मग मी म्हटलं, "नाही सर. मी यांना ओळखत नाही."

कानांवर हात ठेवणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. रकाना भरला तो आळस होता. हे तसं नव्हतं. एक बाई चार लोकांसमोर माझा हवाला देऊन खरं बोलत होती, आणि मी माझी मोत्यासारख्या अक्षराची वही वाचवण्यासाठी तिला खोटी पाडली. समितीतले एक जण मिशीत हसले. दुसरे म्हणाले, बाई, फोटोवरून मैदान कुठलं ते कळत नाही. चंद्रकलाबाई भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, ढाल पिशवीत ठेवली, आणि पदर सारखा करून निघून गेल्या. पुढच्या हरकतीचं नाव पुकारलं गेलं.

मैदान गेलं. खाली दुकानं, वर गाड्या. मी तो रस्ताच टाकला. लकडगंजात काही काम निघालं तर नवऱ्याला पाठवायची. वर्षं गेली. बढती मिळाली, निरोपसमारंभ झाला, शाल-श्रीफळ मिळालं, ‘अचूक काम’ असा शब्द भाषणात आला. मी मान खाली घालून बसले. लोकांना वाटलं, बाई किती विनयी.

मग मी हे आताच का काढलं? नवऱ्यानंही तेच विचारलं. परवा त्याला पहिल्यांदा अर्धवट काही बोलले, तर म्हणतो, "आता काहून उकरून राहिली वं? तिथं आता काय मैदान परत येणार हाये?" नाही येणार. मला माहीत आहे.

झालं असं, की निवृत्तीनंतर आम्ही शहराच्या कडेला, बेस्याला राहायला आलो. आमच्या लेआउटमध्ये एक मोकळी जागा आहे. पोरं क्रिकेट खेळतात, म्हातारे कडेकडेनं चालतात. यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या भागाची पुन्हा पाहणी सुरू झाली. भर दुपारी एक मुलगी आली, पंचविशीची, तोंडाला स्कार्फ, हातात टॅब. नव्यानं लागलेली. मी गॅलरीतून पाहिलं, ती रिकाम्या मैदानाचे फोटो काढत होती. मी खाली गेले, तिला पाणी दिलं, आणि म्हटलं, बाळा, इथे आत्ता कोणी दिसणार नाही, पहाटे ये. ती म्हणाली, "येते ना काकू. उद्या सकाळी येते."

मी वर आले आणि धपकन बसले. माझेच शब्द. मला खात्री होती, ती येणार नाही. आणि एक फार वाईट गोष्ट सांगते—ती येऊ नये असं मला वाटत होतं. ती आली नसती तर मी म्हटलं असतं, बघा, सगळेच असे. मला सोबत मिळाली असती.

ती आली. सकाळी पावणेसहाला, डोळे सुजलेले, केस कसेबसे बांधलेले. तिनं मुलं मोजली, फोटो काढले, दोघा म्हाताऱ्यांच्या सह्या घेतल्या, आणि मला गॅलरीत पाहून हात हलवला. जेमतेम अर्धा तास लागला तिला. तेवढंच काम होतं ते. मी कठड्याला धरून उभी होते आणि माझ्याजवळ म्हणायला काहीही उरलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मी त्या वस्तीत गेले. संकुलाच्या मागे चंद्रकलाबाईंचं घर तसंच आहे. त्या आता थकल्या आहेत, गुडघे धरले आहेत. मला वाटलं होतं ओळखणार नाहीत. त्यांनी दार उघडलं, पाहिलं, आणि आत जाऊन खुर्ची आणून ठेवली. मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. गजर, कूलर, रकाना, सुनावणी.

त्या ऐकून घेत होत्या. मग त्यांनी शांतपणे जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. मी येऊन गेले त्या संध्याकाळी त्यांनी सगळ्या वस्तीला सांगितलं होतं, मैदानाची चिंता करू नका, मॅडमनं लिहून नेलं आहे. दुसऱ्या दिवशी पोरी धुतलेले कपडे घालून आल्या, उन्हं चढेपर्यंत वाट पाहत बसल्या. पुढे आराखडा लागला तेव्हा काही जण सह्या गोळा करायला निघाले, तर चंद्रकलाबाईंनीच त्यांना थांबवलं. गरज नाही म्हणाल्या, मॅडम स्वतः येऊन गेल्या आहेत, त्यांच्या वहीत सगळं आहे. शेवटी मनात पाल चुकचुकली म्हणून एकट्यांनीच अर्ज दिला. आणि सुनावणीनंतर वस्ती त्यांना काय म्हणाली असेल? कोणतीही मॅडम आलीच नव्हती, ही बाई मिरवायला खोटं बोलली, हिच्या नादानं मैदान गेलं. पोरींच्या आयाही म्हणाल्या. त्यांचा नवरा मरेपर्यंत तेच ऐकत राहिला. पोरींनी पुढे दुसरीकडे खेळायला जायचं म्हटलं, तर कोणी त्यांना चंद्रकलाबाईंसोबत पाठवलं नाही.

मी मैदान घालवलं, हे मला ठाऊक होतं. तिचा शब्द घालवला, हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं ती बाई त्याच गल्लीत, त्याच लोकांत, माझं खोटं आपल्या नावावर घेऊन राहिली.

मी रडायला लागले. तेही चुकलंच माझं, तिथे रडायचा हक्क माझा नव्हता. चंद्रकलाबाईंनी पाणी दिलं नाही. म्हणाल्या, "मले काहून सांगून राहिल्या? मले त माहीतच हाये. ज्यायले माहीत नाही, त्यायले सांगा."

मग त्यांनीच सांगितलं, रविवारी सकाळी बचत गटाची बैठक असते. तेव्हाच्या आया असतात, तेव्हाच्या पोरीही असतात, आता लेकुरवाळ्या. दहा वाजता.

मी खात्याला लेखी जबाब दिला आहे. कोणत्या वहीत, कोणत्या पानावर, कोणत्या रकान्यात मी खोटं लिहिलं ते सगळं. सही केली, आवक-जावकच्या खिडकीतून पोच घेतली. त्यावर त्यांनी काय करायचं ते करावं.

आणि रविवारी मी जाणार आहे. नवरा येतो म्हणाला, मी नको म्हटलं. तिथे मी माझं पूर्ण नाव सांगणार आहे, तेव्हा काय काम करत होते ते सांगणार आहे, आणि म्हणणार आहे की मी या वस्तीत आले होते, चंद्रकलाबाईंशी बोलले होते, त्यांना शब्द दिला होता. त्या तुमच्याशी एक अक्षर खोटं बोलल्या नाहीत. खोटं मी लिहिलं, आणि सुनावणीत त्यांच्या तोंडावर मीच खोटं बोलले. एवढं झालं की मी तिथून निघणार नाही. ज्या बाईला जे बोलायचं असेल ते तिनं बोलावं. शेवटची बाई बोलून होईपर्यंत मी उभी राहणार आहे.